‘पुट ऑफ’ : लांबले की मोडले?

आमच्या परिचयातील एका घरी घडलेली ही हकिगत. परगावी नोकरीस असलेल्या नातवाचा संदेश आला, की लग्न ‘पुट ऑफ’ केले आहे. लग्न मोडले असे समजून आजोबा देवघरात जाऊन बसले; आजींनी आचाऱ्याला नकारही कळविला. सायंकाळी नातवाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. वधूला रजा न मिळाल्याने मुहूर्त केवळ दोन महिने पुढे गेला होता! लग्न मोडते, तर इंग्रजीत ‘कॉल ऑफ’ म्हटले असते.

‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. ठरलेली गोष्ट दूर ठेवली, म्हणजे पुढे ढकलली. ‘पोस्टपोन’ या भारदस्त शब्दाचा लॅटिन अर्थही ‘नंतर ठेवणे’ हाच. कचेरीच्या पत्रात ‘पोस्टपोन’ शोभतो, घरगुती बोलण्यात ‘पुट ऑफ’.

मात्र हेच क्रियापद माणसाला लावले की अर्थ पालटतो. घेणेकऱ्याला ‘पुट ऑफ’ केले, म्हणजे सबबी सांगून वाटेला लावले. वासाने एखाद्याला ‘पुट ऑफ’ केले, म्हणजे त्याची अन्नावरची वासना उडाली. दिव्याच्या बाबतीत त्याचा अर्थ मालवणे. पण तेथे आता ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ अधिक रूढ आहे.

मुलांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ‘इट’सारखे सर्वनाम मध्ये येते : ‘पुट इट ऑफ’. आणि जाणे लांबणीवर टाकले, तर ‘पुट ऑफ गोइंग’ म्हणावे. तेथे ‘टु गो’ चालत नाही.

अशा जोडक्रियापदांचे आपल्याला नवल वाटू नये. ‘तो भलतेच बोलून बसला’ या वाक्यातील बसण्याला आपण तरी कुठे पाट मांडतो? शब्द सुटे घेतले तर अर्थ निसटतो. जोडीनेच ते ओळखावे लागतात.

ते लग्न पुढे यथासांग पार पडले. तथापि आजोबांची ती दुपार कोणी परत देणार नाही. म्हणून आमची एक विनंती. शाळेत, कचेरीत इंग्रजी अवश्य नेटके वापरावे. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांना शुभाशुभ वार्ता कळविताना ‘लग्न लांबणीवर पडले आहे, काळजी नसावी’ एवढे मराठीतच लिहावे.