हरभरा निघाला, आता हंसही निघतील

पुसदहून शेंबाळपिंपरीची वाट धरली तेव्हा उजाडायचं होतं. फाल्गुन लागलेला. पानगळ झालेल्या सागात रंग दिसू लागला तो पळसाचाच.

पैनगंगेवरचं इसापूर धरण आपल्याला ठाऊक आहे ते पाणीपाळीच्या बातम्यांतून. यवतमाळ, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांची शेती त्यावर भिजते. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 441 मीटर. मी मात्र गेलो होतो ते धरण उतरताना काय दिसतं ते पाहायला.

रब्बीच्या पाळ्या सुटल्या की पाणी मागे सरतं आणि काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. आत पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, अलीकडे शेपूट हलवणारा तुतवार, कडेला दोन पावलं पळून थबकणारा कंठेरी चिखल्या. ज्याचे पाय आणि चोच लांब, तो खोलात; म्हणून इतके जण एका काठावर निभतात. टिलवा तर चिमणीएवढा, वजनाला जेमतेम 25-30 ग्रॅम, आणि त्याची वीण पार उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात!

हंस दाखवले ते एका भोईकाकांनी. जाळं सोडवत बसले होते. म्हणाले, "आधी आयका जी, मंग वर पाहा." खरोखरच आधी आवाज आला, मग पट्टकदंबांची माळ उतरली. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. लडाख, तिबेट, मंगोलियाकडे वीण करणारा हा पक्षी हिमालय ओलांडताना 7 हजार मीटरवर उडाल्याची नोंद आहे. विरळ हवेतला प्राणवायू त्याचं रक्त चटकन धरून ठेवतं. काकांचा हिशेब वेगळा. "रात्री हरभऱ्यात, दिवसा पाण्यात. आता हरभरा निघाला, हेबी निघतील." पाणी किती उतरलं हे ते काठावर रोवलेल्या बाभळीच्या काडीवरून सांगतात. हंस बसलेल्या बाजूला जाळं टाकत नाहीत. का, विचारलं तर म्हणाले, "पाहुणे हायेत."

2014 साली इथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 37.80 चौरस किलोमीटर. पण मला दिसला तो अगदी पाण्यापर्यंत नांगरलेला गाळपेरा, बाभळींत अडकलेले नायलॉन जाळ्यांचे तुकडे आणि दिवसभर धडधडणारी इंजिनं. गाळपेऱ्यावर घरं चालतात, तो बंद करा असं कुणी म्हणू नये. पाण्यालगतची थोडी पट्टी हंस जाईपर्यंत न नांगरता ठेवता येईल, आणि ते गावांशी बोलूनच जमेल. काका सांगत होते, पूर्वी हंसांनी काठ पांढरा दिसायचा. त्या सकाळी मी मोजले ते साठेक.

जायचं असेल तर मार्चच्या मध्याआधी जा. दुर्बीण न्या, गाडी दूर ठेवा आणि गाळात उतरू नका.