पंपासाठी सगळ्या किल्ल्या कशाला?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगणकाच्या मदतीने पिकांना नेमके पाणी देण्यावर संशोधन होते. असा प्रयोग तळहाताएवढ्या ‘रास्पबेरी पाय’ या लिनक्स संगणकावरही करता येतो. त्याच्या ४० पिनांपैकी एकीला ओल ओळखणारा सेन्सर आणि दुसरीला पंपाचा रिले जोडायचा.

अडचण येते ती परवानगीची. लिनक्समध्ये पिनांचा ताबा एका फाइलमार्फत मिळतो. ती फाइल केवळ ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यालाच खुली असेल, तर अनेक जण सगळा प्रोग्रॅमच रूट म्हणून चालवतात. मग प्रोग्रॅममधल्या एखाद्या त्रुटीतून कोणी आत शिरले, तर पंपाबरोबर अख्खा संगणक त्याच्या हाती जातो.

त्यापेक्षा ही फाइल ‘जीपीआयओ’ गटाला खुली करावी आणि साध्या वापरकर्त्याला त्या गटात घेऊन पुन्हा लॉगिन करावे. ‘यूडेव्ह’चा नियम लिहिला, की संगणक बंद-चालू केल्यावरही ही सोय टिकते. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या प्रणालीत हा गट तयारच असतो.

मात्र परवानगी मिळाली म्हणजे धोका टळला असे नाही. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना थेट ५ व्होल्ट दिल्यास बोर्ड जळू शकतो. पंप तर कधीच थेट पिनेला जोडू नये.