यमाईच्या चढावर

आमचे औंध यंत्रांना परके नाही. १९१० साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, ती याच संस्थानात. तरीही पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, इंजिनाचा संगणक नव्याने लिहून घेतलाय!” तेव्हा मराठीचा हा मास्तर जरा गोंधळलाच.

किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, टर्बोचा दाब किती, यांचे तक्ते म्हणे त्यात असतात. ते बदलले की ताकद वाढते.

यमाईच्या डोंगरावर मात्र इंजिन ओरडू लागले, गाडी पुढे सरेना, आणि जळका वास सुटला. ताईने देवीचा धावा केला.

घडले होते ते असे. स्वयंचलित गिअरबॉक्सला स्वतःचा निराळा संगणक असतो. इंजिन जेवढा जोर कळवील, तेवढाच तो क्लच आवळतो. येथे जोर वाढला, पण निरोप जुनाच गेला, क्लच घसरला! आणि दोन्हींचे तक्ते जुळवले तरी क्लच सोसून सोसणार किती?

“कंपनीच्या हमीचे काय रे?” मी विचारले. भाचा खिडकीबाहेर पाहू लागला.

उरलेला डोंगर आम्ही पायऱ्यांनी चढलो. ताई सर्वांच्या पुढे होती.