जुळणी म्हणजे बरोबरी नव्हे

ट्रान्समीटर आतून ५० ओहमचा, केबल ५० ओहमची, अँटेनाही ५० ओहमची; सगळं सारखं, म्हणून पॉवर पुरेपूर बाहेर पडते. हौशी रेडिओवाल्यांत हे सर्रास सांगितलं जातं, पण यातली पहिलीच गोष्ट खरी नाही. कॉलेजात शिकलेल्या सिद्धांताची अट आपण विसरतो: स्रोताचा रोध ठरलेला असेल, तरच तेवढ्याच रोधाचा लोड जास्तीत जास्त पॉवर घेतो. तेव्हाही निम्मी पॉवर स्रोतातच तापून जाते. क्लास सी अँप्लिफायरची कार्यक्षमता मात्र ७० टक्क्यांपुढे जाते. मग आत-बाहेर बरोबरी असेल कशी?

डिझाइन करणारा वेगळाच हिशेब मांडतो. सप्लाय १२ व्होल्टचा आणि हवेत ५ वॉट, तर व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट, म्हणजे १४.४ ओहम. ट्रान्झिस्टरला एवढा लोड दिसला पाहिजे. १०० वॉट हवे असतील तर जेमतेम ०.७२ ओहम. व्हॉल्व्हला उलट हजारो ओहम लागतात. कॉइल-कपॅसिटरचं नेटवर्क अँटेनाकडचे ५० ओहम या आकड्यावर आणून देतं. जुळणी म्हणतात ती ही.

अँटेनाकडून परत फिरलेली पॉवर ट्रान्समीटर जाळते, हाही असाच समज. एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे केबल आणि लोड यांच्यातल्या तफावतीचं माप; १ म्हणजे तफावत नाही) २ असताना जेमतेम ११ टक्के पॉवर परत फिरते. ट्रान्झिस्टर मरतो तो लोड बदलल्यामुळे करंट किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं म्हणून. केबलच्या एखाद्या लांबीला तो उलट थंडही राहू शकतो.

सगळ्यात फसवा समज मीटरचा. एसडब्ल्यूआर १ दिसला की अँटेना उत्तम? अँटेनाऐवजी लावलेला नुसता रोध, म्हणजे डमी लोडही १ दाखवतो आणि सगळी पॉवर उष्णतेत घालवतो. जुन्या, पाणी शिरलेल्या केबलचं उदाहरण घ्या. तिच्यात ३ डेसिबल घट असेल, तर निम्मी पॉवर जाताना संपते आणि परत फिरलेल्यातली निम्मी येताना. अशा केबलवरून अँटेना पार निखळून पडली, तरी खाली मीटरवर ३ च दिसेल! आणि वर खरोखर ३ असेल, तर खाली साधारण १.७. केबल जितकी खराब, तितका आकडा देखणा. म्हणून मीटर एकदा तरी अँटेनापाशी लावून बघावा.

टेबलावरचा ट्यूनर ट्रान्समीटरला हवा तो लोड दाखवतो. केबलवरचा एसडब्ल्यूआर आहे तसाच राहतो. केबल आखूड आणि चांगली असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. लांब असेल तर ट्यूनर अँटेनाच्या बुडाशीच बसवावा.