नवव्या रकान्यात काय आहे?

वेबसाइट चालवणाऱ्या बहुतेक सर्व्हरवर साध्या मजकुराची एक फाइल सतत वाढत असते. कोणी कुठले पान मागितले, कधी मागितले, ते मिळाले की नाही, याची दर मागणीमागे एक ओळ. वर्दळीच्या साइटवर अशा लाखो ओळी बघता बघता जमतात. एक्सेलचे एक शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते, त्यामुळे ही फाइल तिथे उघडायचा विचार सोडावा लागतो. आणि मुळात ती उघडायची गरजच नसते. आपल्याला हवा असतो त्यातला एखादा रकाना.

त्यासाठीचे हत्यार १९७७ सालचे आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी ‘ऑक’ नावाची छोटेखानी भाषा तयार केली. आज लिनक्स असो की मॅक, टर्मिनलमध्ये ती हाताशीच असते. तिचे काम सरळ आहे. फाइलमधली एकेक ओळ घ्यायची, मोकळी जागा दिसेल तिथे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांना क्रमांक द्यायचे. डॉलरच्या चिन्हापुढे ३ लिहिले की तिसरा रकाना समोर येतो. सगळी फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही, म्हणून कित्येक जीबींची फाइलही साध्या लॅपटॉपवर चाळता येते.

अपाचे सर्व्हरच्या नोंदीतली एक ओळ जवळून बघू. आधी आयपी पत्ता. मग दोन रकाने, त्यांत बहुधा नुसती आडवी रेघ. पुढे चौकटी कंसात तारीख आणि वेळ. आपल्या डोळ्यांना ही एकच गोष्ट दिसते. पण वेळ आणि टाइमझोन यांच्यात जागा सुटलेली असते, म्हणून ऑक तिथे चौथा आणि पाचवा असे दोन रकाने मोजते. अवतरणचिन्हांतली मागणीही तशीच तुटते: सहाव्यात ‘गेट’, सातव्यात पानाचा पत्ता, आठव्यात एचटीटीपीची आवृत्ती. म्हणजे सर्व्हरचे उत्तर, २०० किंवा ४०४, नवव्या रकान्यात पडते. ‘नववा ४०४ असेल तर सातवा छाप’ एवढे ऑकला सांगितले, की सापडत नसलेल्या पानांची यादी हातात. ती ‘सॉर्ट’कडे आणि तिथून ‘युनिक’कडे सोपवली की कुठले पान किती वेळा मागितले गेले तेही कळते. क्रम मात्र हाच हवा, कारण युनिक फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करते.

‘कट’ ही आज्ञा याहून साधी, पण तिचा हिशेब वेगळा. सलग पाच मोकळ्या जागा ऑकसाठी एकच सीमा; कट मात्र प्रत्येक जागा वेगळी मोजते. रकाने सरळ रेषेत दिसावेत म्हणून जागा भरलेल्या फाइलवर कट वापरली, तर हमखास भलताच रकाना मिळतो. म्हणूनच आज्ञा लिहिण्याआधी फाइलच्या पहिल्या चार ओळी नीट वाचाव्यात आणि रकाने कशाने वेगळे केलेत ते ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

मराठी मजकुराला आणखी एक धोका असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हेच. ‘पुणे’ हा शब्द म्हणजे बारा बाइट. लिनक्सवरची कट वर्षानुवर्षे अक्षरे मोजायला सांगितली तरी बाइटच मोजत आली आहे, त्यामुळे पहिली चार ‘अक्षरे’ मागितली तर अख्खा ‘प’ आणि पुढच्या उकाराचा मोडका तुकडा मिळतो. स्वल्पविरामावर तोडलेत तर मात्र देवनागरीला धक्का लागत नाही, कारण स्वल्पविरामाचा बाइट तिच्या चिन्हांच्या पोटात कधीच येत नाही.

अर्थात स्वल्पविरामही दगा देतो. सीएसव्ही फाइलमध्ये ‘शनिवार पेठ, पुणे’ असा पत्ता अवतरणचिन्हांत असला, तरी नुसत्या स्वल्पविरामावर तोडणाऱ्या आज्ञेला तिथे दोन रकाने दिसतात आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. यावर उपाय व्हायला फार वर्षे लागली. २०२२ मध्ये, ऐंशीच्या वयात, कर्निगन यांनी आपल्या ऑकमध्ये यूटीएफ-८ ची सोय केली. २०२३ मध्ये ऑकवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सीएसव्ही नीट वाचणारा पर्यायही मिळाला. जुन्या सर्व्हरवरच्या ऑकमध्ये तो नसतो. तिथे अवतरणांतले पत्ते असतील, तर पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल वापरावे.