दार उघडले, विद्यार्थी कुठे आहे?

राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून पन्नास टक्के उपस्थितीत सुरू करण्यास शासनाने परवानगी दिली. आठवडा उलटतो न उलटतो तोच, २२ फेब्रुवारीच्या रात्री, अमरावती व अचलपुरात टाळेबंदी लागली. कोरोनाची दुसरी लाट देशाने मान्य करण्याआधी वऱ्हाडाने भोगली. त्यानंतर दार उघडले ते २० ऑक्टोबर २०२१ ला. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा लागले आणि फेब्रुवारीत पुन्हा उघडले. या उघडझापीत आमच्या वर्गातील मागचे बाक रिकामे झाले. प्राध्यापक कक्षात त्याचे कारण एका वाक्यात सांगितले जाई : "या पोरांना शिक्षणाची गोडीच उरली नाही."

हे वाक्य मी विद्यार्थी असतानाही ऐकले आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला ते आजही टोचते. गोडी नसती तर नावे घातली कशाला असती? म्हणून विद्यार्थी आला नाही म्हणजे नेमके काय झाले, हे पाहिले पाहिजे.

पहिली अट लसीच्या दोन मात्रांची होती. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. १ सप्टेंबरला पहिली मात्रा घेणारा मुलगा २४ नोव्हेंबरपूर्वी दुसरी घेऊच शकत नव्हता. म्हणजे महिनाभर तो कायद्यानेच वर्गाबाहेर. आणि हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे 'गैरहजर'. शासनाने लावलेली शिस्त मुलाचा आळस म्हणून नोंदली गेली.

मग एसटी थांबली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप नोव्हेंबरात राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांच्या मागण्यांशी माझे भांडण नाही, तेही आपलेच लोक. परंतु आमच्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय एसटीच्या सवलतीच्या पासवर उभे आहे, हे त्या संपाने उघडे पाडले. पास असला की भाड्याचा तिसरा हिस्सा पुरतो. काळीपिवळीत रोज रोख मोजावी लागते. मुलींना तर घरून त्या गाडीत बसूही देत नाहीत.

आणि हंगाम! सोयाबीन निघून कापसाची वेचणी लागण्याचा तो काळ. वेचणी किलोवर असते. घरात जितके हात, तितके पैसे. मी एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, दोन वर्सं पोरगं घरीच होतं. आता कमवते. वेचनी होऊ द्या, मंग पाठवतो." तिने शिक्षण नाकारले नव्हते, मुदत मागितली होती. ती मुदत देणारा नियम आमच्याकडे नव्हता.

शिष्यवृत्तीचा गुंता याहून खोल आहे. नव्या रचनेत केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यावर येतो, आणि त्यातच महाविद्यालयाचे शुल्क असते. ते त्याने आणून भरायचे. थेट खात्यावर पैसा ही कागदावर चांगली गोष्ट. पण त्या वर्षांत खात्यावर पैसे पडले तेव्हा घरात दवाखान्याची उधारी होती. पैसा खर्च झाला, शुल्क थकले आणि थकबाकीदार म्हणून यादी लागेल या शरमेने मुलगा महाविद्यालयाकडे फिरकला नाही. त्याला आपण 'गळती' म्हणतो. गळती माठाला लागते. इथे माणूस ढकलला गेला होता.

उपाय फार विद्वत्तेचे नाहीत. आम्ही तिघाचौघांनी हजेरीपट गावांप्रमाणे लावला. एका गावचे पाच बंद दिसले की त्या गावाला जायचे. शुल्काचे हप्ते पाडून मागितले. प्राचार्यांनी कुरकुरत मान्य केले. तासिका तत्त्वावरील आमच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना टाळेबंदीत स्वतःला मानधन नव्हते, पेट्रोल पदरचे घातले; हे नोंदवून ठेवतो. सकाळी साडेसातचा वर्ग मागितला, तो मात्र नाकारण्यात आला. मुंबईत १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या श्रमाकडे पाहून बनवायचे असते, ही गोष्ट आम्हाला पाऊणशे वर्षांनंतरही अर्ज करून मागावी लागली.

परत आलेल्यांचा प्रश्न वेगळा होता. मोबाईलवर पर्याय टिचकून ते दोन वर्षे उत्तीर्ण झाले होते. डिसेंबरात परतलेल्या एका मुलीला मी उत्तर लिहायला दिले. अर्धे पान झाले आणि तिने पेन ठेवला. बोंडांच्या टोकांनी तिची बोटे ओरखडली होती.

"सर, मले येते सारं," ती म्हणाली, "पन लिवनं सुटलं."

त्या दिवसापासून तास संपल्यावर आम्ही रोज एक पान लिहायला बसलो. पहिल्या दिवशी सातजण होते.