बंद पडलेली जुनी मोटार न पाहता घ्यावी का?

मंडळी, जुन्या मोटारीची हौस आता केवळ संस्थानिकांची किंवा मुंबईच्या शेठजींची राहिलेली नाही. गावोगावच्या पडव्यांत, गोठ्यांच्या आडोशाला, आंब्याखाली वर्षानुवर्षे धूळ खात उभ्या असलेल्या फियाट, अँबॅसडर, जीप आता मोबाइलच्या पडद्यावर विक्रीला येऊ लागल्या आहेत. चार फोटो असतात आणि खाली दोन ओळी : 'गाडी बंद आहे. किरकोळ काम आहे.' गाडी असते तीनशे किलोमीटरवर. मालक फोनवर सांगतो की दुसरे गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे, तेव्हा काय ते आजच बोला. अशा वेळी नुकतेच निवृत्त झालेले एखादे गुरुजी किंवा उसाचे बिल हाती आलेला एखादा शेतकरी मोठ्या पेचात सापडतो. लहानपणी जिच्यात बसायला मिळाले नाही ती गाडी दारात उभी राहणार, हा मोह काही लहान नाही. पण पैसा घामाचा आहे.

बोलण्याच्या सोयीसाठी आपण एकच गाडी समोर ठेवू, आपली फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ पासून तिचे '११०० डी' हे रूप आले, सत्तरीच्या दशकात तिचे नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले, आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इतकी वर्षे इतक्या संख्येने ही गाडी धावल्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचे हाड न् हाड ओळखणारे जुने मिस्त्री आपल्याकडे अजून भेटतात. न पाहता गाडी घेण्याचा विचार करायचाच असेल तर तो अशाच गाडीचा करावा. जिचा दिव्याचा काच परदेशातून मागवावा लागतो तिच्या वाटेला आपल्यासारख्यांनी जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'गाडी बंद आहे' या शब्दांकडे येऊ. घेणारा नेमका याच शब्दांनी बिचकतो आणि सारी चौकशी इंजिनाचीच करतो. वास्तविक फियाटचे इंजिन हा त्या गाडीतला सर्वांत कमी काळजीचा भाग आहे. चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे, कार्बोरेटरवर चालणारे साधे यंत्र ते. त्यात संगणक नाही, गुपित काही नाही. तालुक्याच्या ठिकाणचा चांगला मिस्त्री ते उघडतो, लेथवाला बोअर मारून देतो, पिस्टन-रिंगा नव्या पडतात. खर्च येतो, पण तो आधी विचारून घेता येतो.

मालकाला मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : गाडी चालता चालता बंद पडली, की चालती गाडी आणून उभी केली? वडील गेले, मुलाने नवी गाडी घेतली आणि जुनी पडवीत लावली, असे असेल तर टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा झालेला असतो, ब्रेक धरलेले असतात, बॅटरी मेलेली असते. हे दुखणे विश्रांतीचे आहे. उलट ती गरम होऊन, आवाज करून बंद पडली आणि तशीच ओढून आणली असेल, तर आत काहीतरी मोडलेले आहे असे धरून चालावे.

दुसरी परीक्षा मालकाकडून फोनवर, चित्र दिसत असतानाच करवून घेता येते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी ढकलायची. सरकली तर मग चौथ्या गिअरात घालून पुन्हा ढकलायची. पुढचा पंखा फिरला की इंजिन मोकळे आहे. न्यूट्रलमध्ये सरकते पण गिअरात घातल्यावर अडते, तर पिस्टन आत गंजून धरले आहेत असे समजावे. मालक उत्साहाने म्हणेल, "थांबा, बॅटरी लावून स्टार्टर मारूनच दाखवतो." त्याला हात जोडून नको म्हणावे. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या इंजिनाला असा झटका दिला तर जे वाचले असते तेही जाते. आधी प्लगच्या भोकांतून तेल सोडून काही दिवस मुरू द्यावे, मग हाताने हलवून पाहावे, हा शिरस्ता आहे.

खरी मेख आहे ती पत्र्यात. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर अंग बसवलेले असते; अंग सडले तर दुसरे चढवता येते. फियाटचे तसे नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी, पायांखालचा तळ, मागचे पाटे जिथे सांगाड्याला धरले आहेत त्या जागा, यांवरच सगळा भार असतो. तिथे गंज शिरला की गाडी वरून कितीही देखणी दिसो, ती वाळवी लागलेल्या वाशासारखी होते. डेंटर मंडळी पत्रा कापून नवा जोडतात, पण हे काम वेळखाऊ आहे, महाग आहे, आणि त्याचा खरा अंदाज पत्रा उघडल्याशिवाय कोणालाच देता येत नाही. म्हणून गाडी कुठे उभी होती हे विचारावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत, गळक्या छपराखाली चार पावसाळे काढलेली गाडी आणि सोलापूरकडच्या कोरड्या हवेत दहा वर्षे उभी असलेली गाडी यांत मी डोळे मिटून सोलापूरची घेईन. तिचे रबर तडकलेले असेल, उंदरांनी गादी आणि वायरी खाल्लेल्या असतील. पण पत्रा शाबूत असण्याचा संभव जास्त.

फोटोंवर फार विसंबू नये. धुऊन ओल्या असतानाच काढलेल्या फोटोत कोणतीही मोटार नवरीसारखी चमकते. कोरड्या गाडीचे फोटो मागावेत, आणि नुसते समोरून नव्हेत. पायांखालचे मॅट उचलून तळाचा, डिकीत जादा चाक काढून त्याखालचा, बॅटरीच्या खालच्या जागेचा, दाराच्या कडांच्या खालच्या बाजूचा. फोटो किती जुना आहे अशी शंका असेल तर बॉनेटवर त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून काढायला सांगावा. असे फोटो काढायला मालक कां कूं करू लागला तर त्यातच पुष्कळसे उत्तर आले.

याहून चांगला उपाय म्हणजे आपले डोळे तिथे पाठवणे. शिक्षकांना या बाबतीत एक सवड आहे. कोणत्याही तालुक्यात ओळखीचे एखादे गुरुजी निघतातच. त्यांना मोटारीतले काही कळण्याची गरज नाही. खिशात एक लोहचुंबक न्यावे. दाराखालच्या पट्टीवर आणि मडगार्डांच्या कडेला ते लावत जावे. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, वर रंग दिलेली पुट्टी आहे. जवळच्या गॅरेजमधला मिस्त्री बरोबर नेला तर फारच उत्तम. त्याची मजुरी मात्र आपण द्यावी, विकणाऱ्याला देऊ देऊ नये.

आणि आता कागद. मंडळी, इंजिन दुरुस्त होते, पत्रा पैसे ओतून दुरुस्त होतो, पण हरवलेला हक्क काही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पडवीतल्या गाडीची ही मुदत बहुधा केव्हाच संपलेली असते. ती वाढवण्यासाठी गाडी चालती करून तपासणीला न्यावी लागते, फी, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ही फी अलीकडे बरीच वाढलेली आहे, म्हणून सौदा करण्यापूर्वीच आपल्या परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या आर.टी.ओ.त, तिची चौकशी करावी. शिवाय जुन्या पुस्तकावरच्या नोंदी पुष्कळदा संगणकात चढलेल्याच नसतात. मूळ कार्यालयाच्या रजिस्टरवरून त्या चढवून घेतल्याशिवाय पुढे काही हलत नाही. मोबाइलवर गाडीचा नंबर घालून नोंद दिसली नाही, तर घाबरून जाऊ नये. पण हे काम कोणी करून द्यायचे ते सौद्यातच ठरवावे.

पुस्तकातला चॅसी नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे ना, हे पाहणे फार महत्त्वाचे. यासाठी एक सोपी युक्ती आहे आणि ती शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो, तसाच चॅसी नंबराचा आणि इंजिन नंबराचा छाप कागदावर उठवून टपालाने मागवावा. मागे कधी डिझेलचे किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर ते इथेच उघडकीस येईल.

मग पाहावे नाव. पुस्तकावर नाव वडिलांचे, वडील दहा वर्षांपूर्वी निवर्तलेले, आणि विकतो आहे धाकटा मुलगा, हा प्रकार फार आढळतो. धाकटा मुलगा एकटा मालक नाही. थोरला भाऊ आहे, आई आहे, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस आहेत, हे आपल्याकडे सोयीस्कररीत्या विसरले जाते. आज गाडी भंगार म्हणून कोणाला नको असते. उद्या तुम्ही ती रंगवून दारात उभी केली की भाचा येऊन म्हणतो, "ही आमच्या आजोबांची." म्हणून आधी सर्व वारसांच्या संमतीने गाडी वारसाच्या नावावर चढू द्यावी, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मग त्याच्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर रीतसर सह्या घेऊन आपल्या नावावर करून घ्यावी. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली असेल तर तिथले ना हरकत पत्रही लागते. पुस्तकात एखाद्या बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो फेडल्याचा बँकेचा दाखला हवा. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण पतपेढीच अस्तित्वात नसते, आणि दाखला मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. "कागद नंतर देतो," असे म्हणणाऱ्याला "पैसेही नंतरच देतो," इतकेच म्हणावे.

कोणी सांगेल, एवढी यातायात कशाला, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. केंद्र सरकारने २०२१ साली असे नियम केले आहेत खरे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चॅसी, अंग, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण आपल्या देशात आधी नोंदलेल्या गाडीचे जुने पुस्तक तिथेही मागतात. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. बाजारला जाण्यासाठी गाडी हवी असेल तर या नियमाचा उपयोग नाही. १९८५ च्या पद्मिनीला तर तो लागू व्हायला २०३५ साल उजाडावे लागेल.

राहता राहिली किंमत. न पाहिलेल्या गाडीत जे दिसले नाही ते सर्व वाईट आहे असे धरून आकडा काढावा. आता सांगतो ते आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून आहेत. समजा, तशीच चांगली, चालती, कागदपत्र पुरी असलेली गाडी आपल्या भागात अडीच लाखांना मिळते. पत्रा आणि रंग यांना एक लाख, इंजिनाला पन्नास हजार, ब्रेक, टायर, वायरी, गाद्या यांना चाळीस, ट्रकवर घालून आणायला वीस, कागदांना वीस. झाले दोन लाख तीस हजार. म्हणजे त्या बंद गाडीची आपल्या लेखी किंमत वीस हजार. मालक ऐंशी हजार मागत असेल तर त्यात त्याची लबाडी असेलच असे नाही. त्याच्या आठवणींची किंमतही तो त्यात धरतो. आपण मात्र ती देऊ नये. स्वतः जाऊन पाहून आलात आणि पत्रा निकोप निघाला, तर एक लाखाचे तीस हजार होतात, आणि मग मालकाची किंमतही वाजवी ठरू शकते. एस्.टी.च्या तिकिटाचे पैसे इतके चांगले दुसरीकडे कुठे लागणार नाहीत. मुळात न पाहता घ्यायची वेळ का आली, हेही ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

बयाण्याबद्दल दोन शब्द. आपण लष्करात आहोत, बदली झाली, गाडी मातीमोल द्यायची आहे, आधी थोडी रक्कम पाठवा, असे सांगून लुबाडण्याचे प्रकार फार झाले आहेत. गाडीही नसते आणि माणूसही नसतो. फोनवर आलेला चौकोनी कोड दाबून पैसे येत नाहीत, जातात. बयाणा द्यायचाच झाला तर आपल्या माणसाने गाडी डोळ्यांनी पाहिल्यावर, थोडका आणि पावती घेऊनच द्यावा.

सौदा ठरलाच तर उरलेली रक्कम ट्रक भरताना द्यावी. ट्रकबरोबर आपला एक माणूस असावा. मूळ पुस्तक, सह्यांचे फॉर्म आणि किल्ल्या आधी त्याच्या हाती याव्यात. मग सुटे भाग. अशा गाडीचे कार्बोरेटर, दिव्याच्या कड्या, दाराची हँडले, चाकांच्या टोप्या मालकाने 'नीट राहाव्यात' म्हणून केव्हातरी काढून माळ्यावर ठेवलेल्या असतात. ट्रक निघून गेल्यावर त्या सापडत नाहीत. ती पेटी माळ्यावरून उतरवून, वस्तू मोजून, कागदावर टिपून घ्याव्यात आणि मगच दोर आवळायला सांगावे.